‘स्वालो’ आणि ‘जिन’ : एका ध्वनिमुद्रिका-पेढीचा आणि एका भाषेच्या ओहोटीचा इतिहास

अमेरिकेतील लुइझियाना राज्याच्या नैर्ऋत्य भागात व्हिल प्लाट नावाचे एक लहानसे गाव आहे. इव्हँजेलिन नामक जिल्ह्याचे, तेथील परिभाषेत ‘पॅरिश’चे, हे ठाणे. गावाचे नाव फ्रेंच, जिल्ह्याचे नाव एका इंग्रजी काव्यातील नायिकेचे आणि रहिवाशांची आडनावे बहुतांशी पुन्हा फ्रेंच, असा येथील नामव्यवहार आहे. याच गावात 1956 साली फ्लॉइड स्वालो या तरुणाने ध्वनिमुद्रिकांचे दुकान उघडले. त्याने विशीही गाठलेली नव्हती. गावातील के.व्ही.पी.आय. या नभोवाणी केंद्रावर तबकड्या लावण्याचे काम तो करीत असे. या दुकानातून पुढे जी पेढी उभी राहिली तिच्या ‘स्वालो’, ‘जिन’ आणि ‘मेझाँ द सोल’ या तीन नाममुद्रांखाली केजन, स्वॅम्प पॉप आणि झायडको या तीन संगीतप्रकारांचा मोठा संग्रह मुद्रित झाला. संगीताच्या इतिहासकारांनी या पेढीची दखल घेतलेली आहे. भाषेच्या अभ्यासकाने मात्र तिच्याकडे फारसे पाहिलेले नाही. आणि वस्तुतः भाषेच्या इतिहासाच्या दृष्टीने या पेढीच्या तबकड्यांवरील कागदी चकत्या हाच एक दस्तऐवज आहे.

प्रथम पेढीचे नावच घ्यावे. संस्थापकाचे आडनाव फ्रेंच लेखनपद्धतीने लिहिले असता त्यात सात अक्षरे येतात. इंग्रजी वाचकाने ती आपल्या सवयीने वाचली तर ‘सॉइलो’ असा काहीतरी विचित्र उच्चार होतो. गावात मात्र उच्चार ‘स्वालो’ असाच आहे, आणि तो पाकोळी या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. नाममुद्रा निवडताना फ्लॉइड यांनी आपले आडनाव या इंग्रजी शब्दाच्या वर्णलेखनाने छापले. कानाला ते फ्रेंच आडनाव, डोळ्याला तो इंग्रजी पक्षी. घरच्या गिऱ्हाइकाला मालक कोण हे कळावे आणि ह्यूस्टनच्या घाऊक व्यापाऱ्यालाही नाव उच्चारता यावे, अशी ही दुहेरी सोय होती. ज्या समाजाने तीन पिढ्यांत एका भाषेतून दुसरीत स्थलांतर केले, त्या समाजाच्या मधल्या पिढीची अवस्था या एका नावात साठलेली आहे.

या स्थलांतराची पार्श्वभूमी थोडक्यात सांगितली पाहिजे. आजच्या कॅनडातील अकेडिया या प्रदेशातून 1755 पासून ब्रिटिशांनी फ्रेंच वसाहतवाल्यांना हुसकून लावले. त्यांपैकी अनेक कुटुंबे लुइझियानात येऊन स्थिरावली. ‘अकेडियन’ या शब्दाचाच ‘केजन’ हा अपभ्रंश होय. ही मंडळी येण्यापूर्वीपासून तेथे असलेले फ्रेंच वसाहतवाले, आफ्रिकेतून आणि कॅरिबियन बेटांतून आणलेले गुलाम, मुक्त कृष्णवर्णीय, जर्मन आणि स्पॅनिश कुटुंबे या सर्वांच्या सहवासातून तेथे फ्रेंचचे स्थानिक रूप आणि क्रिओल भाषा अशा दोन बोली नांदू लागल्या. लुइझियाना 1803 साली अमेरिकेकडे आले. तरी ग्रामीण भागात या बोलींना विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत धक्का लागला नव्हता. 1921 च्या राज्यघटनेने सार्वजनिक शाळांतील शिक्षण इंग्रजीतूनच व्हावे असा निर्बंध घातला. शिक्षण त्यापूर्वीच सक्तीचे झालेले होते. परिणामी, घरी फ्रेंचखेरीज दुसरी भाषा न ऐकलेली मुले वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षी अशा वर्गात जाऊन बसू लागली की जेथे त्यांच्या तोंडून निघालेला पहिलाच शब्द शिक्षेला पात्र ठरे. ‘शाळेच्या आवारात मी फ्रेंच बोलणार नाही’ हे वाक्य शेकडो वेळा लिहून काढल्याच्या आठवणी त्या पिढीतील असंख्य लोकांनी नोंदवून ठेवलेल्या आहेत. ज्यांना लघुशंकेची परवानगी इंग्रजीत मागता आली नाही त्या मुलांची जी फजिती झाली, तिच्याही आठवणी आहेत. भाषाशास्त्रात ज्याला ‘भाषेची प्रतिष्ठा’ असे सौम्य नाव आहे, ती खालच्या वर्गातील एका ओल्या बाकावर अशी ठरत होती.

फ्लॉइड स्वालो यांचा जन्म 1938 चा. घरची भाषा फ्रेंच, शाळेची इंग्रजी. त्यांचे समवयस्क गायक आणि वादक याच सापळ्यातून गेलेले होते.

दुकान आधी आणि पेढी नंतर, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. केजन संगीताचे व्यापारी ध्वनिमुद्रण 1928 साली सुरू झाले. त्या वर्षी न्यू ऑर्लिन्समध्ये जो फाल्कन आणि क्लेओमा ब्रो यांनी ‘अलों आ लाफायेत’ हे गीत कोलंबिया कंपनीसाठी गायिले. पुढील काही वर्षांत मोठ्या कंपन्यांनी अशा अनेक तबकड्या काढल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मात्र त्यांनी या लहान बाजारपेठांतून अंग काढून घेतले, आणि ती पोकळी स्थानिक दुकानदारांनी, विजेची उपकरणे दुरुस्त करणाऱ्यांनी व जूकबॉक्सवाल्यांनी भरून काढली. ह्यूस्टनमध्ये बिल क्विन यांची ‘गोल्ड स्टार’, क्राउली येथे जे. डी. मिलर यांचे मुद्रणगृह, लेक चार्ल्समध्ये एडी शुलर यांची ‘गोल्डबँड’ आणि जॉर्ज खूरी यांची पेढी ही या वर्गातील ठळक नावे. हॅरी चोट्स या फिडलवादकाची 1946 सालची तबकडी ‘गोल्ड स्टार’ने काढली आणि ती देशभर गाजली. तिचे शीर्षक भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने अवश्य पाहावे. ‘झोली ब्लाँद’, म्हणजे गोरी सुंदरी, हे मूळ फ्रेंच शब्द. पण तबकडीवर ते फ्रेंच वर्तनीची पर्वा न करता कानाला जसे आले तसे, ‘जोल ब्लाँ’ असे छापले गेले. भाषा बोलणाऱ्यांना ती लिहिता येत नव्हती, कारण शाळेने शिकविली नव्हती. आणि छापणाऱ्याला ती येतच नव्हती. यानंतर कित्येक वर्षे या प्रदेशातील तबकड्यांवरील फ्रेंच ही अशीच कानाने लिहिलेली फ्रेंच आहे. मोडीच्या अभ्यासकांना अपरिचित हाताने लिहिलेल्या कागदांतून बोलीचे उच्चार सापडतात, तसेच या चुकीच्या वर्तनींतून येथील उच्चार सापडतात. शुद्धलेखन शिकलेल्या माणसाने ते झाकून टाकले असते.

पन्नाशीच्या दशकाच्या मध्यास मात्र फ्रेंच गाण्यांच्या नव्या तबकड्या मिळेनाशा झाल्या. लोकप्रिय अकॉर्डियनवादक आयरी लझन 1955 साली अपघातात वारला. मिलर यांनी आपले लक्ष नॅशव्हिलच्या कंपन्यांना ब्लूज गीते पुरविण्याकडे वळविले होते. व्हिल प्लाटच्या दुकानात गिऱ्हाइके फ्रेंच तबकड्या मागत आणि रिकाम्या हाताने परत जात. शेजारच्या मामू गावातील एका जूकबॉक्स-व्यावसायिकालाही हीच अडचण होती. त्याच्या यंत्रांत घालण्यास माल हवा होता. या दोघांच्या गरजेतून 1957 च्या सुमारास ऑस्टिन पित्र आणि मिल्टन मोलिटोर यांची काही गाणी ‘बिग मामू’ आणि ‘व्ही-पी’ अशा तात्पुरत्या नावांखाली निघाली, आणि नंतर ‘स्वालो’ ही नाममुद्रा स्थिर झाली. म्हणजे येथे भाषेच्या रक्षणाचा कोणताही संकल्प नव्हता. गिऱ्हाईक मागते ते काउंटरमागे असावे, एवढाच वाण्याचा साधा हिशेब होता. भाषाविषयक चळवळींचा इतिहास लिहिताना सभा आणि ठराव यांनाच महत्त्व देण्याची जी रीत पडली आहे, तिला हे उदाहरण सोयीचे नाही.

‘जिन’ ही दुसरी नाममुद्रा 1958 साली निघाली. हे नाव संस्थापकाच्या वाग्दत्त वधूच्या नावाचे संक्षिप्त रूप होते. ‘स्वालो’वर फ्रेंच गाणी आणि ‘जिन’वर इंग्रजी अशी विभागणी लवकरच रूढ झाली. व्यापाराच्या दृष्टीने ती रास्त होती. दुकानदाराला कोणता माल कोणत्या फळीवर ठेवायचा हे कळे. परंतु या विभागणीचा अर्थ त्याहून खोल आहे. एकाच समाजातील एकाच वयाचे, पुष्कळदा एकाच घरातील लोक या दोन फळ्यांवर वाटले गेले. ज्या समाजात एक भाषा घरची व दुसरी बाहेरची अशी कामाची वाटणी होते, त्याचे वर्णन ग्रंथांत पुष्कळ आढळते. पण ही वाटणी दोन रंगांच्या चकत्यांवर छापलेली, क्रमांक घातलेली आणि विक्रीच्या हिशेबासह उपलब्ध व्हावी, हे दुर्मिळ आहे.

‘जिन’वरील संगीताला पुढे ‘स्वॅम्प पॉप’ हे नाव पडले. ते तेथील लोकांनी दिलेले नव्हे. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी बिल मिलर या ब्रिटिश लेखकाने ते रूढ केले. न्यू ऑर्लिन्सच्या फॅट्स डॉमिनोच्या धर्तीचे तिहेरी ठोक्यांचे पियानोवादन, सॅक्सोफोनांचा ताफा, संथ लय, आणि विरहाने गळा भरून आलेला गायक, ही त्याची ओळखीची लक्षणे. अकॉर्डियन आणि फिडल ही वाद्ये यातून गळाली. तथापि स्वर लांबविण्याची आणि तो मोडण्याच्या काठावर नेऊन धरण्याची ढब जुन्या केजन वॉल्ट्झमधलीच राहिली. भाषा बदलली तरी गळा बदलला नाही, असे म्हणता येईल. रॉड बर्नार्ड यांचे ‘धिस शुड गो ऑन फॉरएव्हर’ हे गीत क्राउलीस मिलर यांच्या मुद्रणगृहात ध्वनिमुद्रित होऊन 1958 साली ‘जिन’वर आले. शिकागोच्या ‘आर्गो’ कंपनीने ते भाड्याने घेऊन देशभर वितरित केले. 1959 साली ते राष्ट्रीय क्रमवारीत विसाव्या स्थानापर्यंत पोहोचले. फिलाडेल्फियाच्या प्रसिद्ध दूरचित्रवाणी कार्यक्रमात ते सादर करण्यापूर्वी पापाचा उल्लेख असलेली एक ओळ बदलावी लागली, ही गोष्ट त्या काळाच्या रुचीची निदर्शक आहे. याच मार्गाने 1961 साली जो बॅरी यांचे ‘आय ॲम अ फूल टू केअर’ आणि 1966 साली टॉमी मॅक्लेन यांचे ‘स्वीट ड्रीम्स’ ही गीते ‘जिन’वरून निघून मोठ्या वितरकांमार्फत देशाच्या क्रमवारीत गेली. लहान पेढीचे अर्थकारण हेच असे: शंभर मैलांच्या परिघात विकण्यापुरता माल स्वतः काढायचा, आणि एखादी तबकडी त्या परिघाबाहेर जाऊ लागली की ती थोरल्या कंपनीच्या स्वाधीन करायची. अशा वेळी देशभरच्या दुकानांना उधारीवर माल पुरविणे लहान पेढीला पेलत नसे. प्रसिद्ध झालेल्या गाण्यानेच बुडालेल्या पेढ्यांची उदाहरणे त्या काळात थोडी नाहीत.

रॉड बर्नार्ड यांच्या गीताची एक बाजू मात्र येथे सोडून देता येत नाही. ते गीत मूळ किंग कार्ल या नावाने गाणाऱ्या बर्नार्ड जोलिव्हेट या कृष्णवर्णीय गायकाचे. तबकडीवर कर्ते म्हणून त्याच्याबरोबर मिलर यांचेही नाव आहे. गिटार गेबल यांच्या वाद्यवृंदाबरोबर तो ते गाई, आणि त्याचे ध्वनिमुद्रण मिलर यांच्याकडे पडून होते. बर्नार्ड यांनी ते त्याच्या तोंडून ऐकले, त्याच्याकडूनच शिकून घेतले आणि गायिले. मूळ गायकाची तबकडी या यशानंतर बाहेर आली. संगीताच्या बाबतीत वर्णभेदाची भिंत रात्री नाचघरात पातळ होई आणि सकाळी हिशेबाच्या वहीत पुन्हा जाड होई. या प्रदेशातील गोरे आणि काळे दोघेही शाळेत एकाच भाषेसाठी मार खात होते, पण त्या शाळा वेगळ्या होत्या.

आता ‘जिन’ आणि तिच्या भगिनी-पेढ्यांच्या तबकड्यांवरील गायकांची नावे पाहावीत. जॉनी ॲलन यांचे खरे आडनाव गियो. वॉरन स्टॉर्म हे शेक्सनायडर. हे आडनाव तेथील जुन्या जर्मन वसाहतवाल्यांचे, फ्रेंच मुखातून फिरून आलेले. क्लिंट वेस्ट हे गिलरी. जो बॅरी हे बॅरिओस. शिकागोच्या कंपनीसाठी गाणारे बॉबी चार्ल्स हे गिड्री, आणि लेक चार्ल्सहून 1959 साली ‘सी ऑफ लव्ह’ या गीताने देश गाजविणारे कृष्णवर्णीय गायक फिल फिलिप्स हे बाप्तीस्त. यांपैकी कोणावर कायद्याने सक्ती नव्हती. उद्घोषकाला उच्चारता येईल आणि पोराटोरांना रुचेल असे नाव हवे, एवढेच कारण सांगितले जाई. पण उच्चारता न येणारे नाव म्हणजे ज्याची लाज वाटावी असे नाव, हे समीकरण शाळेने आधीच पढविलेले होते. नामशास्त्राच्या अभ्यासकाला कलावंतांची टोपणनावे क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु एका दशकात, एका परिघात, एका वयोगटात आडनावे अशी ओळीने गळून पडू लागली तर तो योगायोग म्हणता येत नाही.

या यादीतील जो बॅरी यांची गोष्ट विशेष चमत्कारिक आहे. त्यांचे इंग्रजी गीत लोकप्रिय झाल्यावर त्याचे फ्रेंच रूपही त्यांच्याच आवाजात ‘जिन’वर काढण्यात आले, मात्र त्यावर गायकाचे नाव ‘रोलाँ त्राहान’ असे होते. म्हणजे फ्रेंच आडनाव असलेल्या गायकाने इंग्रजी गाण्यासाठी एक नाव घेतले, आणि आपल्या वाडवडिलांच्या भाषेत गाण्यासाठी आणखी एक, तेही फ्रेंच असले तरी आपले नव्हे असे. मूळ नावाला दोन्ही फळ्यांवर जागा उरली नाही.

जॉनी ॲलन यांच्या चरित्रातही हा प्रवास स्पष्ट दिसतो. 1928 साली पहिली केजन तबकडी गाणारे जो फाल्कन हे त्यांच्या आजोबांच्या पिढीतील नातलग. तरुणपणी ते लॉरेन्स वॉकर या ख्यातनाम अकॉर्डियनवादकाच्या वाद्यवृंदात स्टील गिटार वाजवीत. 1958 च्या सुमारास त्या वृंदातील तरुण वादक बाहेर पडले आणि त्यांनी ‘क्रेझी कॅट्स’ नावाचा रॉक वृंद काढला. त्यानंतर ते शाळेत शिक्षक झाले, पुढे मुख्याध्यापकही; आणि शनिवारी रात्री गात राहिले. 1971 साली त्यांनी चक बेरी यांचे ‘प्रॉमिस्ड लँड’ हे रॉक गीत ‘जिन’साठी गायिले, आणि त्यात बेल्टन रिचर्ड यांचे अकॉर्डियन घेतले. तेरा वर्षांपूर्वी ज्या वाद्याला मागे टाकून ही मंडळी निघाली होती तेच वाद्य रॉक संगीताच्या मध्यभागी येऊन बसले, आणि ते तेथे बेमालूम शोभले. घरी या तबकडीचा बोलबाला मर्यादित राहिला. 1974 साली लंडनच्या चार्ली जिलेट यांनी आपल्या ‘ओव्हल’ या लहान पेढीकडून ‘अनदर सॅटरडे नाइट’ नावाचे लुइझियानाच्या गीतांचे संकलन काढले. त्यात हे गीत होते, आणि इंग्लंडमध्ये त्याचे मोठे कौतुक झाले. स्वतंत्र पेढ्यांचा व्यवहार पुष्कळदा असा चाले: एका गावातील दुकानदार दुसऱ्या खंडातील दुकानदाराला ओळखी, मधल्या राजधान्यांना पत्ता नसे.

इकडे ‘स्वालो’वर फ्रेंच गाणी निघतच होती. 1962 साली डी. एल. मेनार्ड यांचे ‘ला पोर्त द’आँ आरिएर’, अर्थात मागील दार, हे गीत निघाले. मेनार्ड तेव्हा पेट्रोल पंपावर काम करीत. गाड्यांची कामे उरकीत असताना मधल्या फावल्या वेळात त्यांनी ते रचले. चाल हँक विल्यम्सच्या एका इंग्रजी गीताच्या वळणावर, आशय मात्र अस्सल स्थानिक: दारू पिऊन रात्री मागच्या दाराने घरी परतणारा तरुण. इंग्रजी नमुना पचवून फ्रेंचमध्ये नवे गीत रचले जाते, ही भाषा जिवंत असल्याची खूण आहे. मरणाऱ्या भाषेत जुनी गाणी म्हणतात, नवी होत नाहीत. आज हे गीत ज्याला येत नाही असा केजन वादक सापडणे कठीण.

या पेढीच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग बाल्फा बंधूंचा आहे. डूई बाल्फा हे मामूजवळचे शेतकरी कुटुंबातील फिडलवादक. शाळेची बस चालविणे, विमा विकणे अशी कामे त्यांनी केली. 1964 साली लोकसंगीताचे संशोधक राल्फ रिन्झलर यांच्या निवडीने केजन वादकांचे एक त्रिकूट न्यूपोर्ट येथील लोकसंगीत महोत्सवाला गेले, त्यात डूई होते. जाण्यापूर्वी जवळच्या एका वृत्तपत्राने लिहिले होते की, असले कर्कश संगीत परप्रांतात नेऊन आपल्या प्रदेशाची शोभाच होणार आहे. हे लिहिणाराही तेथलाच होता. न्यूपोर्टला हजारो श्रोत्यांनी उभे राहून दाद दिली. डूई परत आले ते एक निश्चय घेऊन. आणि आपल्या भावांबरोबर जुन्या पद्धतीच्या फिडलवादनाची तबकडी काढावी म्हणून त्यांनी फ्लॉइड स्वालो यांच्याकडे धरणे धरले. स्वालो यांना ते पटेना. आजोबांच्या काळचे संगीत विकत कोण घेणार, ही त्यांची शंका दुकानदार म्हणून चुकीची नव्हती. पुष्कळ पिच्छा पुरविल्यावर त्यांनी एक पंचेचाळीस फेऱ्यांची तबकडी काढून पाहिली, आणि ती त्यांच्या अपेक्षेबाहेर विकली गेली. त्यामागोमाग साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात बाल्फा बंधूंची लाँगप्ले तबकडी आली.

त्या पहिल्या तबकडीवरील एका शीर्षकाचा विचार करण्यासारखा आहे. फ्रेंच शीर्षक ‘ला व्हाल्स दे बाँबोशर’, म्हणजे ख्यालीखुशालीत रमणाऱ्या उडाणटप्पूंचा वॉल्ट्झ. इंग्रजी शीर्षकात मात्र दारुड्याच्या दुःखाचा वॉल्ट्झ असा शब्दप्रयोग आहे. फ्रेंचमध्ये जो मौजी होता तो इंग्रजीत व्यसनी झाला, आणि त्याला दुःखही चिकटले. भाषांतर करणाऱ्याने गाण्याचा भाव सांगितला असे म्हणता येईल. पण इंग्रजीतून आपल्याच समाजाकडे पाहताना दृष्टी किती बदलते, हेही त्यातून दिसते. लाँगप्ले तबकडीचे मुखपृष्ठावरील नाव इंग्रजीत आहे, आणि त्यात ‘पारंपरिक’ हा शब्द आहे. जे काल नुसते गाणे होते ते त्या दिवशी परंपरा झाले. ग्राहकही बदलला होता: जूकबॉक्समध्ये नाणे टाकणाऱ्याच्या जोडीला दूरच्या विद्यापीठातून टपालाने मागणी करणारा विद्यार्थी येऊन उभा राहिला होता.

1968 साली लुइझियानाच्या विधिमंडळाने फ्रेंचच्या विकासासाठी एक परिषद स्थापन केली. जेम्स डॉमँजो हे वकील तिचे अध्वर्यू. परिषदेने फ्रान्स, बेल्जियम आणि क्वेबेक येथून शिक्षक आणविले. या शिक्षकांनी शिकविलेली फ्रेंच घरी आजीला समजेना, आणि आजीची फ्रेंच शिक्षकांना अशुद्ध वाटे. ज्या मुलांच्या बापांना फ्रेंच बोलल्याबद्दल शिक्षा झाली, त्या मुलांना चुकीची फ्रेंच बोलल्याबद्दल टोकण्यात येऊ लागले. प्रमाणभाषेच्या आग्रहाने बोलीचे काय होते हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकांनाही नवा नाही. अशा स्थितीत 26 मार्च 1974 रोजी लाफायेत येथे केजन संगीताचा जो पहिला मोठा गौरव-समारंभ झाला, त्याने परिषदेचेही डोळे उघडले असे म्हणतात. पाऊस असूनही सभागृह तुडुंब भरले. व्यासपीठावरच्या वादकांत ‘स्वालो’वर ज्यांच्या तबकड्या निघाल्या होत्या असे अनेक होते. शिक्षकांची फ्रेंच शुद्ध होती, परंतु तिच्यात नाचता येत नव्हते.

त्याच वर्षी पेढीने ‘मेझाँ द सोल’ ही तिसरी नाममुद्रा काढली, मुख्यतः कृष्णवर्णीय क्रिओल लोकांच्या झायडको संगीतासाठी. पहिले दोन शब्द फ्रेंच, तिसरा इंग्रजी, आणि मिश्रण असे की कोणत्याही एका भाषेच्या शुद्धिवाद्याने नाक मुरडावे. ‘झायडको’ या शब्दाची व्युत्पत्ती येथे सांगण्याजोगी आहे. सर्वमान्य मत असे की, शेंगांना फ्रेंचमध्ये ‘आरिको’ म्हणतात. ‘शेंगांना मीठ नाही’ अशा अर्थाची एक जुनी लोकोक्ती गाण्यांतून येई, आणि त्यातील अनेकवचनी उपपद व नाम यांचा संधी होऊन ‘ले-झारिको’ असा उच्चार होई. प्रमाण फ्रेंचमध्ये या शब्दापूर्वी असा संधी निषिद्ध आहे. लुइझियानात तो सर्रास होतो. उपपदाचा ‘झ’ नामाला चिकटून नवा शब्द बनणे ही तर क्रिओल भाषांची नित्याची प्रक्रिया आहे. पक्षी, तारा यांची क्रिओल नामे अशीच ‘झ’ने आरंभ होतात. आपल्या नारिंगाचा ‘न’ युरोपात जाता जाता गळाला, ही याच्या उलट दिशेची घटना होय. दोन स्वरांमधील एकठोकी ‘र’ इंग्रजी कानाला ‘ड’सारखा ऐकू येतो, म्हणून ‘झारिको’चा ‘झायडको’ झाला. आज रूढ असलेली वर्तनी ह्यूस्टनचे संशोधक मॅक मकॉर्मिक यांनी 1960 च्या सुमारास वापरली. कॅलिफोर्नियातील ‘आरहूली’ या अशाच एका लहान पेढीचे ख्रिस स्ट्राख्विट्झ यांनी क्लिफ्टन शेनिए यांच्या तबकड्यांवरून ती जगभर नेली. त्यापूर्वी चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस ‘गोल्ड स्टार’ने लाइटनिन हॉपकिन्स यांच्या एका तबकडीवर हाच शब्द ‘झोलो गो’ असा छापला होता. हॉपकिन्स काय म्हणाले ते छापणाऱ्याला कळलेच नव्हते. या शब्दाचा उगम पश्चिम आफ्रिकी भाषांत शोधणारे दुसरे मतही आहे, आणि ते सर्वस्वी टाकाऊ नव्हे. दोन भिन्न स्रोतांचे शब्द ध्वनिसाम्याने एकत्र आले असणेही शक्य आहे.

‘मेझाँ द सोल’ला मोठे यश अनपेक्षित रीतीने मिळाले. सिडनी सिमिएं हे क्रिओल गायक ‘रॉकिन सिडनी’ या नावाने साठीच्या दशकात ‘जिन’वर इंग्रजी गात असत. 1984 साली त्यांनी घरीच, बहुतेक सर्व वाद्ये स्वतः वाजवून, ‘माय टूट टूट’ हे गीत तयार केले. प्रथम ते स्थानिक नाचघरांत पसरले, 1985 साली ‘एपिक’ या बड्या कंपनीने ते घेतले, अनेक गायकांनी ते पुन्हा गायिले आणि सिमिएं यांना ग्रॅमी पारितोषिक मिळाले. इंग्रजी श्रोत्यांना ‘टूट’ या शब्दाचा भलताच अर्थ लागून ते हसले. तो शब्द म्हणजे फ्रेंच ‘तू’, सर्व, याची लाडिक द्विरुक्ती. ‘माझे सर्वस्व’ या अर्थाने प्रिय व्यक्तीला दिलेली हाक. इंग्रजी गाण्यात, इंग्रजी वेषात, अर्थ हरवून का होईना, हा एक घरगुती शब्द देशभर गेला.

सत्तरीच्या दशकात पेढीने व्हिल प्लाटमध्येच तबकड्या छापण्याचा कारखाना काढला होता. कॉम्पॅक्ट डिस्क आल्यावर असे कारखाने चालणे अशक्य झाले आणि तोही बंद पडला. डूई बाल्फा यांच्या दोन भावांचा 1979 साली मोटार-अपघातात अंत झाला. 1982 साली डूई यांना राष्ट्रीय सन्मानवृत्ती मिळाली, आणि 1992 साली ते वारले. त्यांच्यानंतर जे तरुण वादक पुढे आले त्यांपैकी अनेकांना फ्रेंच घरी मिळाली नव्हती. ते बाल्फा बंधूंच्या तबकड्या पुन्हापुन्हा लावून शब्द न् शब्द तोंडपाठ करीत, उच्चारांतील लकबींसह, आणि अर्थ नंतर कोणा म्हाताऱ्याला विचारून घेत.

जूल डेग्ल या केजन धर्मगुरूंनी 1984 साली केजन भाषेचा शब्दकोश प्रसिद्ध केला. केजन ही फ्रेंचची अशुद्ध बोली नसून स्वतंत्र भाषा आहे असा त्यांचा आग्रह होता. भाषाशास्त्रज्ञांनी त्यांचे हे मत मान्य केले नाही, त्यांची वर्तनीही वादग्रस्त ठरली. पुढे नव्वदीच्या दशकात त्यांनी घरच्या घरी केजन शिकविणारे पुस्तक, सोबत ध्वनिफितींसह, सिद्ध केले. ते प्रकाशित केले व्हिल प्लाटच्या ‘स्वालो’ प्रकाशनाने.